कात्रीची भाषा

साहित्याच्या तासाला आपण कवितेच्या मात्रा मोजतो, नाटकाचे अंक-प्रवेश सांगतो; चित्रपटाविषयी बोलताना मात्र कथा, अभिनय आणि गाणी यांपलीकडे आपली गाडी सरकत नाही. चित्रपट ‘संथ’ होता असे आपण म्हणतो, पण तो संथपणा कशाने आला हे सांगता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे शब्दच आपल्यापाशी नसतात. त्यांतल्या काही शब्दांची ओळख येथे करून द्यावी असा माझा विचार आहे.

सर्वांत लहान घटक म्हणजे चौकट, अर्थात फ्रेम. बोलपटात सेकंदाला अशा 24 चौकटी डोळ्यांपुढून जातात. 35 मिलिमीटर फितीच्या एका फुटात 16 चौकटी मावतात; म्हणजे मिनिटाला 90 फूट फीत खर्ची पडे. कॅमेरा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जे टिपले जाते तो शॉट; तो मनासारखा साधेपर्यंत पुन्हा पुन्हा घेतात, त्यातली प्रत्येक खेप म्हणजे टेक. एका स्थळी सलग घडणाऱ्या शॉटांचा समूह म्हणजे सीन. कॅमेरा जागच्या जागी मान वळवतो तेव्हा पॅन, चाकांवरून स्वतःच पुढेमागे सरकतो तेव्हा ट्रॅकिंग. झूममध्ये कॅमेरा हलत नाही, फक्त भिंगाचे नाभीय अंतर बदलते. छापील परीक्षणांतूनही या दोहोंची गल्लत झालेली मी वाचली आहे.

या झाल्या व्याख्या. त्या कोणालाही पाठ करता येतील. खरा प्रश्न दोन शॉट जोडण्याचा आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह याने नट मोझ्झुखिन याच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट घेतला आणि तो एकदा सूपच्या थाळीला, एकदा शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्या चेहऱ्यावर भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक. चेहरा तोच होता! मग तो अभिनय कोणाचा म्हणायचा? निदान काही वाटा संकलकाचा, म्हणजे कात्री चालवणाऱ्याचा मानावाच लागेल. आज कात्री जाऊन संगणक आला, तरी ‘कट’ हा शब्द टिकून आहे.

जोडण्याला नियमही आहेत. समजा, दोघे समोरासमोर बसून बोलत आहेत. त्या दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरतात आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. कबड्डीचा सामना मैदानाच्या एका बाजूने पाहताना मध्येच कोणी आपल्याला उचलून पलीकडे बसवले, तर उजवीकडचा संघ डावीकडे दिसू लागेल. पडद्यावर तसेच होते आणि बोलणारी माणसे एकमेकांकडे न पाहता एकाच दिशेला पाहत असल्यासारखी वाटतात. जाणते दिग्दर्शक ही रेषा मुद्दाम ओलांडतातही. पण ती कोठे आहे हे त्यांना ठाऊक असते.

ध्वनीचेही संकलन होते, आणि आपले दुर्लक्ष होते ते मुख्यतः येथे. व्ही. शांताराम यांच्या 1937 मधील ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, कानावर येते ते कथेतल्या जगातलेच. बोलपट सुरू होऊन जेमतेम सहा वर्षे झाली असताना केलेले हे धाडस मला तरी थोर वाटते. याच्या अगदी उलट युक्ती सत्यजित राय यांनी 1955 च्या ‘पथेर पांचाली’त केली. बऱ्याच दिवसांनी घरी परतलेला हरिहर आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो. मुलगी दुर्गा मरण पावली आहे, हे त्याला माहीत नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो सर्वजयेच्या हाती देतो आणि इतका वेळ गप्प असलेल्या त्या आईचा बांध फुटतो. तिचे तोंड उघडलेले दिसते, पण आक्रोश ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा तीव्र स्वर येतो. नटीचा आवाज काढून टाकायचा हा निर्णय दिग्दर्शकाचा. त्या चित्रपटाचे संकलक होते दुलाल दत्त. पुढच्या वेळी तो पाहाल तेव्हा श्रेयनामावलीत हे नाव शोधा, आणि त्या प्रसंगी क्षणभर डोळे मिटून नुसते ऐका.