पाण्याचा तपासणी अहवाल कसा वाचावा?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न पाण्यावरच्या हक्काचा होता. आज बहुतेक वस्त्यांत नळ आला आहे. त्या नळातून काय येते, हा आजचा प्रश्न आहे. पावसाळ्यात वस्तीतल्या चार-पाच मुलांना एकदम जुलाब लागतात आणि कुणी विचारायला गेले, तर "पाण्याचा रिपोर्ट चांगला आहे" असे उत्तर मिळते. तो रिपोर्ट सहसा कुणी पाहिलेला नसतो. पाहिला तरी आकड्यांची रांग बघून परत दिला जातो.

हा कागद आपण मागितला पाहिजे आणि वाचलाही पाहिजे. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. दहावीला बसलेली मुलगीसुद्धा तो वाचू शकते. या अंकात आम्ही तो वरपासून खालपर्यंत क्रमाने समजावून देत आहोत.

आधी वरचा भाग वाचा

आपली नजर लगेच आकड्यांवर जाते. पण आकड्यांआधी अहवालाच्या माथ्यावर चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, नमुना कुठला. "ग्रामपंचायत नळपाणी" एवढेच लिहिले असेल तर त्यातून काही कळत नाही. विहिरीचा, उंच टाकीचा, चौकातल्या नळाचा की वस्तीतल्या शेवटच्या नळाचा, हे स्पष्ट हवे. टाकीतले पाणी शुद्ध असूनही शेवटच्या नळाला ते दूषित येऊ शकते. पाणी दिवसातून तासभरच सुटते. बाकीचा वेळ जलवाहिनी रिकामी असते. ती गटारातून गेलेली असेल आणि कुठे फुटलेली असेल, तर दाब नसताना गटाराचे पाणी आत शिरते. अनेक गावांत आपली वस्ती जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असते. म्हणून टाकीचा अहवाल हा आपल्या नळाचा अहवाल नव्हे.

दुसरी गोष्ट, नमुना कोणी घेतला. "नमुना प्रयोगशाळेने घेतलेला नाही", "निकाल मिळालेल्या नमुन्यापुरताच लागू" अशी वाक्ये अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात. ती शोभेची नसतात. प्रयोगशाळा फक्त हाती आलेल्या बाटलीबद्दल बोलते. बाटलीत कुठले पाणी भरले, याची जबाबदारी ती घेत नाही.

तिसरी गोष्ट, तारखा. नमुना घेतल्याची, तो प्रयोगशाळेत पोहोचल्याची आणि तपासणी सुरू केल्याची तारीख ताडून पाहा. जिवाणूंच्या तपासणीसाठी नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचला पाहिजे. सोमवारी घेतलेला नमुना गुरुवारी पोहोचला असेल, तर त्या जिवाणू-निकालावर विसंबता येत नाही. अहवाल किती जुना आहे, हेही पाहा. उन्हाळ्यातल्या अहवालावरून पावसाळ्यातल्या पाण्याबद्दल काही सांगता येत नाही. थंड पाण्याचे जार विकणारे काही जण दोन-तीन वर्षांपूर्वीचा अहवाल भिंतीला लावून ठेवतात, त्यांनाही हीच कसोटी लावावी.

चौथी गोष्ट, काय काय तपासले. अहवालात फक्त रासायनिक घटक असतील आणि खाली "पिण्यास योग्य" असा शेरा असेल, तर तो शेरा तेवढ्या घटकांपुरताच आहे. जिवाणू तपासलेच नसतील, तर त्यांच्याबद्दल हा कागद मुका आहे.

एनएबीएलची खूण काय सांगते?

एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ. ते भारतीय गुणवत्ता परिषदेचा भाग आहे. प्रयोगशाळेतील उपकरणे, तपासनीसांचे कौशल्य, तपासणीची पद्धत आणि नोंदी आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आहेत की नाहीत, हे पाहून मंडळ मान्यता देते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालावर मंडळाचे चिन्ह आणि "टीसी" अक्षरांनी सुरू होणारा प्रमाणपत्र क्रमांक असतो.

इथे एक बारकावा आहे. मान्यता प्रयोगशाळेच्या इमारतीला सरसकट मिळत नाही, ती ठरावीक तपासण्यांना मिळते. एखाद्या प्रयोगशाळेला काठिण्य आणि क्लोराइड तपासण्याची मान्यता असेल, पण कीटकनाशके तपासण्याची नसेल. मान्यतेबाहेरच्या तपासणीपुढे बहुधा फुलीसारखी खूण असते आणि तिचा अर्थ तळाशी दिलेला असतो. अनेक अहवालांवर एक लांबलचक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे अक्षरही पाहावे. "एफ" असेल तर अहवालातल्या सगळ्या तपासण्या मान्यतेत बसतात. "पी" असेल तर काहीच बसतात. प्रमाणपत्राची मुदत आणि मान्य तपासण्यांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

पाणी चांगले आहे, असे ही खूण सांगत नाही. मोजमाप विश्वासार्ह आहे, एवढेच ती सांगते.

दोन मर्यादांचा अर्थ

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचे मानक आयएस १०५०० : २०१२ हे आहे. अहवालात घटकाचे नाव, एकक, निकाल, मर्यादा आणि तपासणीची पद्धत असे रकाने असतात. मर्यादेचे रकाने दोन असतात. पहिला "स्वीकार्य मर्यादा" आणि दुसरा "पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा". दुसऱ्या मर्यादेचा अर्थ असा, की दुसरे पाणी मिळतच नसेल तर नाइलाजाने इथपर्यंत चालेल. शेजारी चांगल्या पाण्याचा स्रोत असताना ही दुसरी मर्यादा दाखवून कुणी आपल्या वस्तीची बोळवण करत असेल, तर मानकाचा आधार त्याला नाही.

नेहमी दिसणारे घटक असे आहेत. पीएच वगळता सगळे आकडे एका लिटरमधील मिलिग्रॅमचे आहेत. काही अहवालांत याच एककाला पीपीएम म्हटलेले असते.

- पीएच : ६.५ ते ८.५, सवलत नाही
- विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस : ५००, नाइलाजाने २०००
- एकूण काठिण्य : २००, नाइलाजाने ६००
- क्लोराइड : २५०, नाइलाजाने १०००
- फ्लोराइड : १, नाइलाजाने १.५
- नायट्रेट : ४५, सवलत नाही
- शिसे : ०.०१, सवलत नाही

गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. त्याची मर्यादा १, नाइलाजाने ५ आहे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचा परिणाम कमी होतो, म्हणून हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

निकालाच्या जागी "बीडीएल" लिहिले असेल, तर तो घटक उपकरणाला मोजता येईल त्याहून कमी आहे. हे सहसा चांगले लक्षण असते.

टीडीएसबद्दल थोडे सांगायला हवे. यंत्र विकणारा दारात येतो, पाण्यात पेनासारखे मीटर बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. ते मीटर फक्त क्षारांचा अंदाज देते. जिवाणू, नायट्रेट किंवा फ्लोराइड त्याला वेगळे दिसत नाहीत. ३०० टीडीएसचे पाणी जुलाबाला कारण ठरू शकते आणि ७०० टीडीएसचे पाणी जिवाणूमुक्त असू शकते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातील पाण्यात मात्र क्षार खरोखरच फार असतात. तिथे हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

जिवाणू : इथे तडजोड नाही

अहवालात दोन नावे येतात, "एकूण कोलिफॉर्म" आणि "ई. कोलाय". मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात यांपैकी एकही आढळता कामा नये. "अनुपस्थित", "० सीएफयू" किंवा "२ एमपीएनपेक्षा कमी" असा निकाल म्हणजे जिवाणू सापडले नाहीत. याहून मोठा कुठलाही आकडा असेल, तर ते पाणी तसेच पिऊ नये.

कोलिफॉर्म मातीतही असतात. ते आढळले तर बाहेरची घाण आत यायला वाट आहे, असा इशारा समजावा. ई. कोलाय माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो आढळला तर पाण्यात विष्ठा मिसळली आहे.

महाडच्या सत्याग्रहानंतर आपल्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि तळे "शुद्ध" केले. शेणात ई. कोलाय असतो. आजच्या प्रयोगशाळेत त्या शुद्धीनंतरचा नमुना गेला असता, तर अहवालात काय आले असते हे सांगायला नको. पाणी कुणाच्या हाताने बाटत नाही, घाणीने बाटते. आणि ती घाण मोजता येते.

नायट्रेट आणि फ्लोराइड : उकळून जात नाहीत

शेतातला युरिया, उकिरडा आणि संडासाचा शोषखड्डा यांतून नायट्रेट झिरपून बोअरच्या पाण्यात येते. त्याला रंग, वास, चव काही नसते. मोठ्या माणसाला लगेच त्रास जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरच्या दुधाची पावडर अशा पाण्यात कालवून दिली, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ आणि नखे निळी पडतात आणि जिवाला धोका होतो. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही देऊ नये, या सल्ल्याचा हा आणखी एक फायदा.

नायट्रेटचा आकडा वाचताना एक फरक लक्षात ठेवा. काही अहवालांत तो "नायट्रेट" म्हणून, तर काहींत "नायट्रेट-नायट्रोजन" म्हणून दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४ ने गुणावा आणि मग ४५ शी ताडून पाहावा. "नायट्रेट-नायट्रोजन १४" हे वाचायला कमी वाटते, पण ते जवळपास ६२ नायट्रेट आहे.

फ्लोराइड जमिनीतल्या खडकातून येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांना त्याचा जुना त्रास आहे. जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात.

पाणी उकळल्याने हे दोन्ही जात नाहीत. वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण उलट वाढते.

एक अहवाल वाचून पाहू

समजा, वस्तीतल्या बोअरचा अहवाल असा आला : पीएच ७.४, टीडीएस ७८०, काठिण्य ३४०, फ्लोराइड ०.८, नायट्रेट ६२, एकूण कोलिफॉर्म १४ एमपीएन, ई. कोलाय २ एमपीएनपेक्षा कमी.

पीएच आणि फ्लोराइड ठीक आहेत. टीडीएस आणि काठिण्य पहिल्या मर्यादेपेक्षा जास्त, पण दुसरीच्या आत आहेत. डाळ शिजायला वेळ लागेल, भांड्यांवर पांढरे थर बसतील, पण लगेच घाबरण्याचे कारण नाही. कोलिफॉर्म १४ आहेत, म्हणजे बोअरमध्ये बाहेरचे पाणी शिरते आहे. नायट्रेट ६२ आहे आणि त्याला सवलत नाही. दोन्ही एकत्र पाहिले, तर जवळच्या शोषखड्ड्यावर किंवा उकिरड्यावर संशय जातो. "उकळून प्या" हा सल्ला इथे अर्धाच कामाचा आहे. जिवाणू मरतील, नायट्रेट राहील. हे पाणी धुण्याला, आंघोळीला वापरावे. पिण्यासाठी, विशेषतः लहान बाळ आणि गरोदर बाई असलेल्या घरात, दुसरे पाणी आणावे.

आपण काय करावे?

ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून गेल्या वर्षातील सर्व पाणी तपासणी अहवालांच्या प्रती मागाव्यात. मिळाल्या नाहीत, तर माहिती अधिकारात मागता येतात. शहरात हाच अर्ज पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे करावा.

पुढचा नमुना वस्तीतल्या शेवटच्या नळाचा घ्यावा, अशी मागणी ग्रामसभेत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. जलसुरक्षक नमुना घेतो, तेव्हा आपल्यापैकी दोघांनी हजर राहावे. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, बाटलीच्या तोंडाला आतून हात लावू नये, जागा, तारीख आणि वेळ बाटलीवर लगेच लिहावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत नागरिकांनाही अल्प शुल्कात पाणी तपासून घेता येते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीतील महिला आहेत का, हेही विचारावे.

क्लोरीन मात्र प्रयोगशाळेत पाठवून कळत नाही, कारण ते वाटेतच उडून जाते. त्यासाठी नळावरच ओ.टी. चाचणी करावी लागते. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवे.

जिवाणू आढळल्यास टाकी धुऊन घ्यावी, गळती बुजवावी, टीसीएल नियमित टाकले जाते का ते पाहावे, आणि त्यानंतर पुन्हा नमुना पाठवावा. दुसरा अहवाल स्वच्छ येईपर्यंत घराघरांत पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्ध्या तासाने प्यावे.

अहवालाची एक प्रत विहाराच्या फलकावर लावावी. शेजारी सोप्या मराठीत दोन ओळी लिहाव्यात : नमुना कोणत्या नळाचा आणि पाणी पिण्यास योग्य की अयोग्य. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना रविवारच्या वंदनेनंतर कुणीतरी तो वाचून दाखवावा.