अठरा तासांचा अभ्यास आणि उरलेले सहा तास

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये व बुद्धविहारे यांमध्ये सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतला जातो. पहाटे सहाला सुरू झालेले वाचन मध्यरात्री बाराला थांबते. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या तरुणांपेक्षा पुस्तकावर वाकलेली मुले ही जयंतीची अधिक योग्य खूण आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु हा एका दिवसाचा उपक्रम काही विद्यार्थ्यांच्या मनात वर्षभराचा नियम होऊन बसतो. दहावी-बारावीच्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो : "सर, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते, मग आम्ही सात-आठ तास झोपावे कसे?" चोवीस वजा अठरा म्हणजे सहा. त्यात आंघोळ, जेवण, कपडे धुणे आणि वंदना धरली, तर झोपेला जेमतेम चार तास उरतात. प्रश्न श्रद्धेतून आलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर प्रथम इतिहासातून आणि मग शरीरशास्त्रातून द्यावयास हवे.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे पाहू. परळच्या चाळीतील त्या लहानशा जागेत स्वयंपाक, सामान, पाहुणे आणि अभ्यास हे सर्व एकत्रच चाले. दिवसा व संध्याकाळी तेथे एकाग्रता अशक्य होती. यावर वडील रामजी सुभेदारांनी काढलेला मार्ग चरित्रकारांनी नोंदविला आहे. भीमरावांनी संध्याकाळीच झोपी जावे, रामजींनी रात्री दोनपर्यंत जागावे, मग मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः झोपावे. आपण या प्रसंगातील पहाटेचा दिवा तेवढा लक्षात ठेवतो. त्याआधीची झोप मात्र विसरतो. मुलाची झोप पुरी व्हावी म्हणून एक म्हातारा निवृत्त सैनिक स्वतः जागत होता. या व्यवस्थेत झोप मोडलेली नाही, तिची वेळ बदललेली आहे.

लंडनची गोष्ट निराळी. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे उसने पैसे यांच्या आधारावर. परदेशातील प्रत्येक महिना मोजून मिळालेला होता. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात आणि रात्र खोलीत वाचनात, असा त्यांचा क्रम होता. सोबत राहणाऱ्या गृहस्थाने झोपण्याची विनंती केली, तेव्हा अन्नासाठी पैसा नाही आणि झोपेसाठी वेळ नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे चरित्रात येते. हे उत्तर नीट वाचले पाहिजे. झोप आणि अन्न ही दोन्ही त्यात एकाच रांगेत उभी आहेत. लंडनमध्ये बाबासाहेब अर्धपोटी राहिले म्हणून अर्धपोटी राहावे, असे कोणी आई आपल्या मुलाला सांगत नाही. मग अर्ध्या झोपेलाच आदर्श का मानावे? ते जागरण अभ्यासाची पद्धत म्हणून निवडलेले नव्हते. ती दारिद्र्याने लादलेली किंमत होती. उत्तरायुष्यात मधुमेहाने आणि पायांतील वेदनांनी त्यांना ग्रासले. कित्येक रात्री त्यांना इच्छा असूनही झोप लागत नसे.

इतिहासाचा शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या पूर्वजांची रात्र त्यांच्या मालकीची नव्हती. मुंबई इलाख्यात वतनी महाराला सरकारी कामासाठी दिवसा वा रात्री केव्हाही हजर राहावे लागे. वेशीवरील राखण, टपाल, अधिकाऱ्यांची सरबराई, असे काम निघाले की उठायचे. तो नसला तर घरातील दुसऱ्या कोणी जायचे. या गुलामीवर घाव घालण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. गिरणी कामगारांचीही स्थिती अशीच होती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत यंत्रापुढे उभ्या असलेल्या कामगाराला आठवड्याचा एक दिवस तरी मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्याच कारकिर्दीत, १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ज्याने स्वतः रात्री जागून काढल्या त्याने इतरांच्या विश्रांतीचे तास कायद्यात लिहवून घेतले. हे साल आपल्या मुलांना सहसा पाठ नसते.

आणि वसतिगृहे? १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. गरीब घरातील मुलाला दिवा, जागा, जेवण आणि शांतता एकत्र मिळावी, हाच त्यामागील हेतू. परळच्या खोलीत जे मिळत नव्हते ते त्यात होते. आपली निवासी शाळा याच परंपरेतील आहे. येथे राहणाऱ्या मुलाने अभ्यासासाठी झोप गहाण टाकावी, हे वसतिगृहाच्या मूळ कल्पनेलाच छेद देणारे आहे.

आता शरीराचा हिशेब. निद्रातज्ज्ञांच्या सर्वमान्य शिफारशीनुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना आठ ते दहा तास आणि प्रौढांना किमान सात तास झोप आवश्यक असते. माणसामाणसांत थोडा फरक असतो, पण चार-पाच तासांवर खरोखर भागणारी माणसे फार विरळा. 'मला चालते' असे म्हणणाऱ्या बहुतेकांना ते चालत नसते, त्यांना थकव्याची सवय झालेली असते. वसतिगृहात साडेदहाला दिवे मालवून पाचला घंटा झाली, तर साडेसहा तास होतात. पंधरा वर्षांच्या मुलाची रोज किमान दीड तासाची तूट. आठवड्याला साडेदहा तास, म्हणजे एका पूर्ण रात्रीहून अधिक. शिवाय किशोरवयात शरीरातील घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात उशिरा स्रवू लागते. त्यामुळे अकरापर्यंत डोळा न लागणारा मुलगा आळशी अथवा उनाड असतोच असे नाही. दुपारच्या माझ्या तासाला सातवाहन राजांच्या वंशावळीपुढे जी मान डुलते, तिचा सर्वच दोष सातवाहनांना देता येणार नाही.

झोपेत मेंदू स्वस्थ पडून राहत नाही. सुमारे नव्वद मिनिटांच्या आवर्तनांतून तो जातो. पूर्वरात्री गाढ झोप अधिक, तर उत्तररात्री स्वप्नांची झोप अधिक. दिवसभरात शिकलेले याच काळात पक्के होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्ये दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करावयास दिली. पाठांतरानंतर झोप घेतली असता जितके आठवले, त्याच्या मानाने तितकेच तास जागे राहिल्यावर कितीतरी कमी आठवले. पुढील शंभर वर्षांतील संशोधनाने हा निष्कर्ष अधिक खोलवर नेला आहे. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी पेरणी करतो आणि बियाण्यावर माती ओढायची तेवढी राहून जाते.

जागरणाचा विक्रम करू पाहणाऱ्यांसाठी रँडी गार्डनरचे उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातील सतरा वर्षांचा हा शाळकरी मुलगा १९६३ च्या डिसेंबरपासून १९६४ च्या जानेवारीपर्यंत अकरा दिवस, २६४ तास जागा राहिला. अखेरीस त्याला शंभरातून सात-सात वजा करीत जाण्यास सांगितले. तो ६५ वर थांबला. का थांबलास असे विचारता, आपण काय करीत होतो हेच त्याला आठवेना. इतके टोक गाठण्याचीही गरज नाही. सलग सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाची सावधता थोडे मद्य घेतलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. अठराव्या तासाला वाचलेल्या पानाचे काय होत असेल, याचा विचार आयोजकांनी करावा.

शासनानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. मुलांची झोप पुरी होत नाही, याकडे तत्कालीन राज्यपालांनी डिसेंबर २०२३ मध्ये लक्ष वेधले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा शासन निर्णय निघाला. निर्णय स्वागतार्ह, पण चौथीपर्यंतच. ज्या वयात घड्याळ पुढे सरकते, त्या आठवी ते बारावीच्या मुलांचा त्यात विचार नाही.

झोपेवर मात करणे हाच भिक्खूंचा आदर्श नाही काय, असे काही उपासक विचारतात. थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती व जडता, हे पाच नीवरणांपैकी एक आहे, हे खरेच. पण अंगुत्तर निकायातील पचलायमान सुत्त पाहा. मगधातील कल्लवाळमुत्त गावी महामोग्गल्लान ध्यानाला बसले असता पेंगत होते. तथागतांनी त्यांना रागे भरले नाही. एकामागून एक उपाय सांगितले : ज्या विचाराने पेंग येते तो सोडावा, ऐकलेल्या धम्माचे चिंतन करावे, तो मोठ्याने म्हणावा, कानाच्या पाळ्या ओढून अंग चोळावे, उठून डोळ्यांना पाणी लावून तारे पाहावेत, मनात प्रकाशाची संज्ञा धरावी, चंक्रमण करावे. आणि एवढे करूनही पेंग जात नसेल तर? उजव्या कुशीवर सिंहशय्येत, उठण्याचा निश्चय मनात धरून झोपावे. शेवटचा उपाय झोप हाच आहे. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात, दिवसा झोपल्याचे आठवते काय, असे सच्चक विचारतो. उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात, भोजनानंतर, चीवराची चौघडी अंथरून स्मृतिपूर्वक झोपल्याचे तथागत सरळ मान्य करतात. मे महिन्यातील यवतमाळचे ऊन ज्याने सोसले आहे, त्याला याचे नवल वाटू नये.

मुलांना सांगणे सोपे आहे. ज्यांच्या हाती झोपेची वेळ नाही अशा पालकांना काय सांगावे, हा खरा अवघड भाग. आपल्या जिल्ह्यात शेतीपंपांना थ्री-फेज वीज आलटून पालटून कधी दिवसा, कधी रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याचे, गव्हाचे ओलित रात्रीच करावे लागते. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी जागल असतेच. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीची दहशत असताना रात्री शेतात जाणे म्हणजे काय, हे त्या भागातील पालक मला समजावून सांगतील. शेतकऱ्यांची दिवसा विजेची मागणी जुनी आहे. त्यासाठी २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. ग्रामसभेत विजेचा विषय निघेल तेव्हा हा झोपेचाही विषय आहे, असे स्पष्ट म्हणावे. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे चारला चूल पेटवणाऱ्या आणि सर्वांच्या मागून अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या आईची झोप तर कोणत्याच योजनेत येत नाही. ती घरातल्यांनीच भांडी घासून, पाणी भरून परत करायची आहे.

जागरण टळत नसेल तर नुकसान कमी करता येते. जागलीला जाण्यापूर्वी संध्याकाळी तास-दीड तास झोपून घ्यावे. रात्रभर जागून सकाळी लगेच मोटारसायकलने लांब जाऊ नये, थ्रेशरपाशी उभे राहू नये. दुपारी वीस मिनिटांची डुलकी पुष्कळ काम करते, मात्र ती तासभर लांबली तर रात्रीची झोप बिघडते. चहातील कॅफिनचा अंमल पाच-सहा तासांनी निम्माच उतरलेला असतो, म्हणून ज्याला रात्री झोपायचे आहे त्याने दुपारी चारनंतर चहा टाळावा. साचलेली तूट एका रविवारी दुपारपर्यंत लोळून फिटत नाही, तीन-चार रात्री लवकर पडावे लागते. मोबाइल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत असावा. एकच खोली असेल तर देव्हारा असतो तशी त्याचीही एक ठरलेली फळी असावी. कित्येक आठवडे झोपच लागत नसेल, किंवा घोरताना श्वास अडखळत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यांच्या सल्ल्यावाचून झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. कर्जाच्या विवंचनेने झोप उडालेल्या माणसाला तर एकटे सोडू नये. आपल्या जिल्ह्याला याची जाणीव वेगळी करून देण्याची गरज नाही.

राहिला अठरा तासांचा उपक्रम. तो बंद करावा असे मी म्हणणार नाही. माजी विद्यार्थी संघ तो आयोजित करणार असेल, तर माझ्या काही सूचना आहेत. पाचवी ते आठवीच्या मुलांना सहा-सहा तासांच्या तीन तुकड्यांत बसवावे, म्हणजे अठरा तास दिवा तेवत राहील आणि कोणाचीही रात्र मोडणार नाही. मोठ्या मुलांना पूर्ण अठरा तास बसायचे असेल तर त्यांना १३ तारखेला रात्री नऊलाच झोपवावे, दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यावे. आणि १५ एप्रिलला पहाटेची घंटा वाजवू नये. वंदना त्या दिवशी नऊला घेतली तरी चालेल.