तिळावरील मूळकुज : रोगाची ओळख आणि वाणांची पारख

संक्रांतीचा तीळ कल्याण-डोंबिवलीकर बाजारातून विकत घेतात. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूरच्या वरकस जमिनींत मात्र नाचणी, वरी यांच्याबरोबर तीळ व खुरासनी पेरण्याची जुनी रीत आहे. अशा छोट्या क्षेत्रातील पीक मूळकुजीने गेले, तर घरचे तेलही जाते आणि पुढील हंगामाचे बियाणेही.

शेतातील ओळख

झाड कोमेजले की त्याला सरसकट 'मर' म्हटले जाते. परंतु कारणे निरनिराळी असतात. मॅक्रोफोमिना फॅसिओलिना या बुरशीमुळे मूळ व खोडाचा बुंधा काळवंडतो, साल सुटते आणि तिच्याखाली मोहरीहूनही बारीक काळे कण दिसतात. खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेषा आढळल्यास फ्युजेरियमचा संशय घ्यावा. बुंध्याशी पांढरी बुरशी व मोहरीएवढे तपकिरी दाणे असल्यास स्क्लेरोशियम रोल्फ्सी समजावी. पाणी साचूनही झाडे पिवळी पडतात. तेथे औषधावरील खर्च व्यर्थ होय.

प्रयोगशाळेतील खात्री

रोगट मुळाचे तुकडे धुऊन, निर्जंतुक करून बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार माध्यमावर ठेवतात. वाढलेली बुरशी निरोगी रोपांना देऊन तोच रोग उद्भवतो काय व त्यातून तीच बुरशी पुन्हा मिळते काय, हे पाहिल्यावरच निदान पक्के होते.

वाणांची कसोटी

जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्रातून तापी, पद्मा, जेएलटी-४०८ हे तिळाचे वाण पुढे आले. वाण उत्पन्नास चांगला म्हणून तो रोगास दाद देणार नाही, असे मात्र नव्हे. त्यासाठी ज्वारीच्या दाण्यांवर वाढविलेली बुरशी मातीत मिसळून 'रोगट वाफा' तयार करतात. त्यात प्रत्येक वाणाच्या ओळींशेजारी रोगास लवकर बळी पडणारा वाण पेरतात. तो वाण मेला नाही, तर वाफ्यात पुरेसा रोग नव्हता असे मानून ती चाचणी बाद ठरवितात. एकूण झाडांपैकी रोगट किती, याची टक्केवारी काढून आणि अनेक हंगाम, अनेक ठिकाणी तीच पारख करून निष्कर्ष काढतात.

गावपातळीवर

ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. ज्वारीवरील खडखड्या रोगही तिच्यामुळेच होतो. म्हणून तिळानंतर ज्वारी घेणे हा फेरपालट नव्हे. उष्णता व पाण्याचा ताण यांत ती बळावते. बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळणे, पाण्याचा निचरा राखणे व रोगट झाडे मुळासकट उपटून जाळणे हे उपाय प्रत्येकाच्या आवाक्यातील आहेत. रोगट झाड मुळांसह सहायक कृषी अधिकाऱ्याकडे पोहोचविण्याची सवय ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी गावात रुजविल्यास निदान वेळीच होईल व शेतकऱ्याचा पैसा वाचेल.