चौदाव्या पानावरची सूचना

कोकणातील एका तालुक्यात शाळांचे एक विज्ञान मंडळ आहे. मंडळातील प्रत्येक शाळेने आपल्या अंगणात पर्जन्यमापक बसवला आहे. मुले रोजचा पाऊस मोजतात आणि तो आकडा मंडळाच्या संकेतस्थळावर पाठवतात. २०११ सालच्या जुलै महिन्यात या आकड्यांनी सर्वांनाच कोड्यात टाकले. दोन शाळा, त्यांच्यातील अंतर जेमतेम तीन किलोमीटर. पहिल्या शाळेने मंगळवारचा पाऊस कळवला ४ मिलिमीटर आणि बुधवारचा ६२. दुसरीने मंगळवारचा कळवला ६३ आणि बुधवारचा २! मधे डोंगर नाही, खाडी नाही. मग असे का व्हावे?

विद्यार्थी मित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी जरा थांबा आणि दोन्ही शाळांच्या आकड्यांची बेरीज करून पाहा. पहिलीची येते ६६, दुसरीची ६५. म्हणजे पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला होता. फक्त तो निरनिराळ्या दिवसांच्या खात्यावर जमा झाला होता. आपल्या देशात हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतात. पहिली शाळा तसेच करीत होती. दुसरी शाळा मात्र अकरा वाजता, शाळा भरल्यावर मोजत होती. मंगळवारची मोठी सर आली नऊ ते साडेदहाच्या दरम्यान. पहिल्या शाळेच्या वहीत ती बुधवारी आली, दुसरीच्या वहीत मंगळवारी.

चौकशी केली तेव्हा कळले की एकूण शाळांपैकी बऱ्याच शाळा अकरा वाजताच मोजणी करीत होत्या. त्या वर्षीच्या दैनंदिन आकड्यांची तुलना करणे अशक्य झाले. मुलांनी सबंध पावसाळा भिजत केलेले काम होते ते.

साडेआठची सूचना संकेतस्थळावर नव्हती का? होती. अगदी ठळक अक्षरांत, पर्जन्यमापकाच्या आकृतीसह होती. पण ती कोणाला सापडलीच नाही. ते संकेतस्थळ मी बांधले होते. म्हणून ही हकीकत सांगण्याचा अधिकारही माझाच.

तारीख स्वस्त, अर्थ महाग

मंडळाचे संकेतस्थळ मी ब्लॉग लिहिण्याच्या एका तयार साधनावर उभे केले होते. ब्लॉगला मराठीत अनुदिनी असेही म्हणतात. ही साधने आली त्यापूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान हाताने लिहावे लागे. नवे पान केले की जुन्या पानांवर त्याचा दुवा आठवणीने घालायचा. विसरलात तर ते पान अडगळीत. ऑगस्ट १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’, २००१ मध्ये ‘मूव्हेबल टाइप’ आणि मे २००३ मध्ये ‘वर्डप्रेस’ अशी साधने निघाली आणि हे काम यंत्राकडे गेले. तुम्ही मथळा व मजकूर लिहायचा आणि एक कळ दाबायची, की झाले.

आत काय घडते तेही पाहू. तुमचा मजकूर एका कोष्टकात जातो. एका रकान्यात मथळा, दुसऱ्यात मजकूर, तिसऱ्यात लेखकाचे नाव, चौथ्यात तारीख व वेळ. या कोष्टकातून पाने तयार करण्याच्या रीती दोन. मूव्हेबल टाइपमध्ये मुख्यतः लेख प्रसिद्ध करतानाच सगळी पाने एकदम तयार करून ठेवीत. घरी सकाळीच पोळ्यांची चळत रचून ठेवावी तशी. वर्डप्रेस मात्र वाचक आल्यावर त्या क्षणी कोष्टक चाळून पान बनवते. ही तव्यावरची गरम पोळी. पहिल्या रीतीत वाचकाला पान झटकन मिळते, पण मांडणीत लहानसा बदल केला तरी सारी चळत पुन्हा करावी लागते. दुसरीत बदल लगेच दिसतो, पण एकदम गर्दी झाली की सर्व्हरची दमछाक होते.

मात्र आपल्या गोष्टीतला खलनायक वेगळाच आहे. तो म्हणजे चौथा रकाना, तारखेचा. कोणता लेख आधी व कोणता नंतर हे यंत्राला तारखेवरून आपोआप कळते. कोणता लेख महत्त्वाचा, कोणता कशाशी संबंधित, हे त्याला कळत नाही. ते माणसाने सांगावे लागते. म्हणून या साधनांनी सोपा मार्ग धरला. नवे ते वर, जुने ते खाली. रोज येणाऱ्या वाचकासाठी ही मांडणी उत्तमच. त्याला कालचे पुन्हा वाचायचे नसते. परंतु जूनमध्ये प्रथमच येणाऱ्या शिक्षकाचे काय?

पर्जन्यमापक कसा बसवावा व केव्हा वाचावा हा आमचा पहिला लेख. त्यानंतर सहलीची छायाचित्रे, पक्षिनिरीक्षण, विज्ञानदिनाची वृत्ते अशा नोंदी होत होत एकूण १३७ झाल्या. एका पानावर दहा नोंदी. म्हणजे चौदा पाने, आणि पहिला लेख चौदाव्या पानाच्या तळाशी! ‘जुन्या नोंदी’ या दुव्यावर तेरा वेळा टिचकी मारली तर तेथे पोहोचता येईल. सर्व्हर प्रत्येक मागणीची एक ओळ आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो. ती वही मी चाळली. दुसऱ्या पानापर्यंत थोडेच वाचक गेले होते, चौथ्यापुढे जवळजवळ कोणीच नाही. लेख नाहीसा झाला नव्हता. त्याच्याकडे जाणारी वाट लांबली होती. माझ्या मते वाचकाच्या दृष्टीने या दोहोंत काहीच फरक नाही.

रुंद झाड की उंच झाड?

तारखेची वाट सोडायची तर विषयांची वाट बांधायला हवी. मुखपृष्ठावर काही मोठे विषय, प्रत्येकाखाली पोटविषय, त्यांच्याखाली लेख. हे एक उलटे झाडच झाले. आता प्रश्न असा, की प्रत्येक ठिकाणी फांद्या किती ठेवाव्यात?

समजा, ५१२ लेख आहेत. प्रत्येक यादीत ८ नावे ठेवली तर ८ × ८ × ८ = ५१२, म्हणजे तीन पायऱ्यांत लेख मिळेल. पहिल्या यादीत १६ व दुसरीत ३२ नावे ठेवली तर १६ × ३२ = ५१२, दोनच पायऱ्या. सगळी नावे एकाच यादीत ठेवली तर एकच पायरी. यातले बरे कोणते? थोडे गणित करू. यादी वरून खाली वाचताना हवे ते नाव सरासरीने निम्मी यादी संपल्यावर सापडते असे धरू. एक नाव वाचायला पाव सेकंद आणि एक पायरी उतरायला, म्हणजे निवड करून नवे पान समोर यायला, चार सेकंद लागतात असे समजू. मग पहिल्या रचनेत १२ नावांचे ३ सेकंद आणि तीन पायऱ्यांचे १२, एकूण १५ सेकंद. दुसऱ्या रचनेत २४ नावांचे ६ आणि दोन पायऱ्यांचे ८, एकूण १४. तिसऱ्या रचनेत २५६ नावांचे ६४ आणि एका पायरीचे ४, एकूण ६८!

पहिल्या दोहोंत फरक सेकंदाचाच, असे तुम्ही म्हणाल. पण चुकण्याचा हिशेब अजून राहिला आहे. प्रत्येक पायरीवर दहापैकी नऊ वाचक बरोबर फांदी निवडतात असे धरा. दोन पायऱ्यांनंतर शंभरापैकी ८१ वाचक बरोबर जागी असतील, तीन पायऱ्यांनंतर ७३. उरलेल्यांना मागे फिरावे लागेल, आणि अनेकजण मागे न फिरता निघून जातात.

केविन लार्सन व मेरी झेरविन्स्की या संशोधकांनी १९९८ साली नेमक्या अशाच ५१२ पानांच्या रचना करून लोकांना त्यांत वस्तू शोधायला लावल्या. आठ-आठ-आठची तीन पायऱ्यांची रचना सर्वांत संथ ठरली, तर दोन पायऱ्यांच्या रचनांत शोध लवकर लागला.

येथे एका समजुतीविषयी बोलायला हवे. यादीत सातापेक्षा अधिक नावे असू नयेत असा नियम पुष्कळदा सांगितला जातो आणि त्यासाठी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखाचा दाखला देतात. तो लेख आहे आपण एका वेळी किती गोष्टी ध्यानात ठेवू शकतो याविषयी. यादी तर डोळ्यांसमोर असते; ती ध्यानात कशाला ठेवायची? मीही हा सातचा नियम काही वर्षे निमूटपणे पाळला आहे.

फांद्यांच्या संख्येहून त्यांची नावे अधिक महत्त्वाची. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पीटर पिरोली व स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० नंतरच्या दशकात एक मजेदार कल्पना मांडली. भक्ष्य शोधणारा प्राणी वास घेत घेत जातो. वास वाढत गेला तर पुढे सरकतो, विरला तर दुसरीकडे वळतो. माहिती शोधणारा माणूसही तसाच वागतो. दुव्याच्या शब्दांना हव्या त्या माहितीचा ‘वास’ आला तरच तो टिचकी मारतो. आमच्या मुखपृष्ठावर ‘उपक्रम’, ‘दालन’ आणि ‘संकीर्ण’ अशी नावे होती. ‘संकीर्ण’ला कसला वास येणार?

चिठ्ठ्यांचा खेळ

नावे कोणती द्यावीत हे मी एकट्याने ठरवणे बरोबर नव्हते, कारण मला सगळे लेख कोठे आहेत ते पाठ होते. म्हणून एक जुना, बिनखर्चाचा प्रयोग केला. तो तुम्हीही वर्गात करून पाहा. चाळीस लेखांचे मथळे चाळीस चिठ्ठ्यांवर लिहिले. चार मुलांना व तीन शिक्षकांना, एकमेकांना न दाखवता, त्यांचे गठ्ठे करायला आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्यायला सांगितले. मी पर्जन्यमापकाचा लेख ‘उपकरणे’ या गठ्ठ्यात टाकला असता. सातांपैकी एकानेही तसे केले नाही. बहुतेकांच्या गठ्ठ्याचे नाव होते, ‘पाऊस कसा मोजायचा’.

काही चिठ्ठ्यांवर मात्र एकमत होईना. ‘पावसाळ्यातील बेडूक’ प्राण्यांत घालावा की पावसात? ग्रंथपालांपुढे ही अडचण फार पूर्वीपासून आहे. पुस्तक एक, फळ्या अनेक. आपल्या देशातील थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणात यावर उपाय केला. विषयाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू, म्हणजे वस्तू, क्रिया, स्थळ, काळ असे वेगवेगळे, नोंदवायचे. छापील पुस्तकाला शेवटी एका फळीवर उभे राहावेच लागते, पण संकेतस्थळावरच्या लेखाला ते बंधन नाही. ब्लॉगच्या साधनांत यासाठी ‘वर्ग’ आणि ‘टॅग’ अशा दोन सोयी असतात. बेडूक दोन्ही वाटांनी भेटू शकतो.

टॅग देण्याचे काम मुलांकडे सोपवले आणि नवाच घोटाळा झाला. ‘पाऊस’, ‘पाउस’, ‘पर्जन्य’ आणि ‘पर्जन्यमान’ असे चार टॅग तयार झाले. प्रत्येकाखाली थोडे थोडे लेख. हे निदान डोळ्यांना दिसत तरी होते. ‘वाऱ्याची दिशा’ हा टॅग यादीत दोनदा होता आणि दोहोंत काडीचाही फरक दिसत नव्हता! कारण मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारांनी लिहिता येतो. पडद्यावर तो एकसारखा दिसतो, पण आत साठवलेले अंक निराळे असतात. आणि संगणक अक्षरे पाहत नाही, अंक पाहतो. शेवटी टॅगची एक ठरीव यादी केली. मुलांनी त्यातूनच निवडायचे.

पत्ता बदलला तर

नवी मांडणी करताना मी साधनही बदलले आणि तेथे माझ्या हातून दुसरी चूक घडली. नव्या साधनाने प्रत्येक लेखाला नवा पत्ता दिला. जुने पत्ते काही शाळांनी सूचनाफलकावर लिहून ठेवले होते. ते टंकल्यावर आता ‘४०४’ हा आकडा येऊ लागला. सर्व्हरच्या भाषेत त्याचा अर्थ, असे पान येथे नाही. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले होते, की पानाचा पत्ता कधी बदलू नये. बदलणे भागच पडले तर सर्व्हरला ‘३०१’ हे उत्तर द्यायला सांगायचे असते. म्हणजे, पान कायमचे हलले आहे, नवा पत्ता हा घ्या. घर बदलल्यावर आपण पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवतो, तसेच हे. १३७ पत्त्यांची जोडयादी करायला मला दोन रात्री लागल्या.

मराठी मथळ्यांचे पत्ते ही आणखी एक गंमत. साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन खुणांनी लिहितात. ‘पाऊस’ या शब्दात प, काना, ऊ आणि स अशी चार चिन्हे. पत्त्यात त्यांच्या झाल्या ३६ खुणा. माझ्या साधनाने लेखाच्या नावाला २०० खुणांची मर्यादा घातली होती. म्हणजे साधारण बावीस चिन्हांनंतर मथळा तुटायचा! तेव्हापासून मी पत्त्यासाठी लहान नाव वेगळे देतो.

२०१२ च्या जूनमध्ये शाळा उघडल्या. मुखपृष्ठावर सर्वांत वर, तारखेशी काही संबंध न ठेवता, ‘पाऊस कसा व केव्हा मोजायचा’ हा दुवा होता. सर्व्हरच्या वहीत त्या पानाच्या ओळी भराभर वाढू लागल्या. तरीही दोन शाळांचे आकडे पूर्वीसारखेच एक दिवस मागेपुढे येत राहिले. मी दूरध्वनी केला. त्यांनी सूचना वाचली होती. पण साडेआठ वाजता शाळेचे फाटक उघडायला कोणी नव्हते. मग आकडा पाठवण्याच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला : मोजणीची वेळ.