अपशकुनाचा भ्रम आणि खान्देशचा रानपिंगळा

इस्लामपूर्व अरबांमध्ये घुबडाविषयी एक समजूत रूढ होती. ज्याच्या खुनाचा सूड घेतला गेला नाही, त्याचा आत्मा घुबड होऊन ओरडत राहतो. आणि घुबड ज्या घरावर बसते तेथे मृत्यू येतो, असे ते मानीत. या समजुतीला ‘हामा’ म्हणत. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांतील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अपशकुनाबरोबर हामाही निराधार ठरविला. लाभ-हानी केवळ अल्लाहच्या हाती आहे. ती पक्ष्याच्या आवाजाशी जोडणे म्हणजे तौहीदलाच बाध आणणे होय.

तरीही आपल्याकडे संध्याकाळी छपरावर पिंगळा बोलला की दगड उचलला जातो, आणि तो उचलणारे हात कधी कधी कलमा वाचणाऱ्यांचेही असतात.

याच पिंगळ्याचा एक भाऊबंद म्हणजे सातपुड्यातील रानपिंगळा. 1873 साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले; पण 1884 नंतर त्याची विश्वसनीय नोंद मिळेना, म्हणून तो नामशेष झाला असेच अनेकांनी धरले. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा दिसला. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी व डॉ. फराह इश्तियाक यांनी त्याचा अभ्यास केला. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही तो आढळतो. तो दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे, उंदीर, कीटक खातो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत पिले वाढवितो. जंगलतोड त्याचे घर हिरावते आणि अंधश्रद्धा त्याचा जीव घेते.

सूरह अल्-अनआमच्या 38 व्या आयतीत पशुपक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीसनुसार, एका प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची पिले उचलली. ती तळमळत घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) पिले परत ठेवण्याची आज्ञा दिली. ज्याच्या ढोलीत पिले आहेत असे झाड तोडणाऱ्याने या आज्ञेचा विचार करावा.

घर राखले तर जीव परततात. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या आदिवासी बांधवांनी वृक्षतोडीवर स्वतःच बंदी घातली, पाळीने राखण केली आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला. त्यांचे मार्गदर्शक चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली.

आपणही आरंभ करू शकतो. कब्रस्तानातील व बांधावरील जुने, ढोलीचे झाड वठले तरी, धोका नसल्यास, उभे राहू द्यावे. शेतात उंदरांसाठी विष ठेवू नये. विषारी उंदीर खाऊन घुबडही मरते, आणि उंदीर आवरणारा आपला सोबती आपणच गमावतो. जखमी घुबड आढळल्यास वनविभागाला कळवावे. घुबड मारणे वा पकडणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे. पावसाळ्यात कडुनिंब, चिंच, वड लावावेत. लावलेल्या झाडाचे फळ पक्ष्याने खाल्ले तरी तो सदका ठरतो, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे.

आज रात्री पिंगळा बोलला, तर मुलांना हामाची हदीस सांगावी. भीती त्यांच्या मनातून जाईल आणि दगड हातातून गळेल. अल्लाह आम्हांला याची सुबुद्धी देवो. आमीन.