पार्ट बदलण्याआधी वायर बघा

पावसाळा उतरणीला लागला होता. सकाळी गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझलाच नाही. गाडी धक्के देत नव्हती, आवाजही नेहमीचाच होता. फक्त इंजिन थंड असताना पेट्रोलचा वास थोडा जास्त यायचा. जवळच्या एका गॅरेजात नेली. त्यांनी स्कॅनर लावला, ‘ताई, ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ म्हणाले, नवा बसवला आणि दिवा घालवून गाडी परत दिली. बिल हजारांत झालं. आठवडा उलटायच्या आत दिवा पुन्हा हजर. आता त्यांचं म्हणणं असं, की गाडीचा कंप्युटरच बदलावा लागेल, तो ईसीएम. त्याची किंमत ऐकली आणि गाडी घरी आणली. आधी नीट तपासायचं, मग पैसे खर्च करायचे, असं ठरवलं.

आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही तपासणीची सोय बंधनकारक झाली. स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावायचा आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये कोड वाचायचा. गाडीच्या सर्व्हिसिंगपुढे या स्कॅनरची किंमत किरकोळ आहे. माझ्या गाडीने कोड दिला पी०१३५. पहिल्या बँकेच्या (म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेच्या) पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड, असा त्याचा अर्थ.

‘सर्किट’ हा शब्द इथे महत्त्वाचा. हा सेन्सर साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्यावरच नीट काम करतो, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. हीटरच्या सर्किटमधून वीज नीट वाहत नाही, एवढंच ईसीएमला कळतं. हीटर जळलाय, फ्यूज उडालाय, कनेक्टरला गंज चढलाय की मधली वायर तुटलीय, हे त्याला कळत नाही. ते माणसानेच शोधायचं. कोड वाचून थेट सेन्सर बदलणं म्हणजे चारपैकी एका शक्यतेवर आपले पैसे लावणं.

जुना सेन्सर मी गॅरेजातून मागून आणला होता. त्याच्या चार वायरींपैकी हीटरच्या दोन वायरींना मल्टिमीटर लावला. काही ओहमचा रोध दाखवला. हीटर जळलेला असता तर सर्किट उघडं दिसलं असतं. म्हणजे काढून टाकलेल्या सेन्सरचा हीटर धडधाकट होता. मग फ्यूज बघितला, तोही शाबूत. इग्निशन चालू करून हीटरच्या सप्लायच्या पिनवर बारा व्होल्ट येतात का ते बघितलं, येत नव्हते. आता शोधायचा भाग फक्त फ्यूजबॉक्स ते कनेक्टर एवढाच राहिला. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि हार्नेसवरचं, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरचं काळं आवरण बोटांनी चाचपत गेले. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे वरून नजर जात नाही, तिथे आवरण कुरतडलेलं होतं, आत एक वायर पूर्ण तुटलेली आणि आसपास उंदराच्या लेंड्या.

आमच्या दादरला हे नवं नाही. मुंबई शहरात १८९६ साली प्लेगची साथ आली. त्यानंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने इथल्या वसाहती आखल्या. रस्ते रुंद ठेवले, झाडं लावली, पण त्या काळात घरोघरी मोटार कुठली असणार? त्यामुळे जुन्या इमारतींना पार्किंग नाही आणि गाड्या रात्रभर रस्त्याच्या कडेला. शेजारी फुलबाजार, भाजीबाजार, खाऊगल्ल्या आणि उघडी गटारं. पावसात बिळांत पाणी शिरलं की उंदरांना कोरडी आणि उबदार जागा हवी असते, आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाशी ती आयती मिळते. उंदीर मारायला महापालिकेचे कर्मचारी रात्रपाळी करतात, तरी आपल्या बॉनेटखाली आपणच बघायला हवं.

दुरुस्ती सोपी होती. तुटलेल्या भागात त्याच जाडीच्या वायरचा तुकडा जोडला, सोल्डर केला, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली. मात्र सेन्सरमधूनच निघणाऱ्या वायरींना सोल्डर करू नका. बऱ्याच सेन्सरना आतली हवा त्या वायरींच्या वाटेनेच मिळते, आणि सोल्डरने ती वाट बंद होऊ शकते. तिथे क्रिम्प जॉइंट चालतो. हे सगळं गाडी पूर्ण थंड असतानाच करायचं. सेन्सर बसतो तो एक्झॉस्टचा भाग भयंकर तापलेला असतो.

दिवा मी मुद्दाम पुसला नाही. दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद करणं ही एक सायकल) सर्किट नीट ठरतं आणि दिवा आपोआप विझतो. तसाच तो विझला. बॅटरीची वायर काढून ठेवली की दिवा जातो, असं सर्रास सांगतात. काही गाड्यांत तो जातोही, पण त्यासोबत कोड, दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार ही साठवलेली माहितीही जाऊ शकते. शोधणाऱ्याच्या हातात मग काही उरत नाही. माझ्या कामातही बॅटरी काढावी लागलीच, म्हणून आधी सगळं लिहून ठेवलं होतं.

दिवा स्थिर जळत असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश घरी किंवा गॅरेजला जाता येतं. दिवा उघडझाप करत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, तर पुढे जाऊ नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं, आणि तो भाग महाग असतो. कोड पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०० आला तर अनेक सिलिंडरमध्ये. अशा वेळी आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा. लाल रंगात ऑइलच्या किटलीचा दिवा लागला तर मात्र क्षणभरही वेळ घालवायचा नाही, गाडी थांबवून इंजिन तिथेच बंद करायचं.

सीएनजी गाडी असेल तर दिवा पेट्रोलवर चालवताना लागला की गॅसवर, हे टिपून ठेवा. मेकॅनिकचं अर्धं काम होतं. गॅसचा वास आला तर घरगुती प्रयोग अजिबात नकोत. पावसात दादरच्या हिंदमाता भागात पाणी भरलं असताना गाडी त्यात बंद पडली, तर पुन्हा सुरू करून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. टो करूनच न्या.

घरी हे सगळं करणं प्रत्येकाला जमेलच असं नाही, आणि जमायलाच हवं असंही नाही. पण कोड वाचणं प्रत्येकाला जमतं. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात जाण्याआधी किंवा गॅरेजवाल्याला ‘करा’ म्हणण्याआधी कोडचा फोटो काढा. ‘वायर आणि फ्यूज तपासलं का?’ एवढं विचारा. आणि काढलेला जुना पार्ट घेतल्याशिवाय गॅरेजातून निघू नका.