लायसन्स नव्हतं, मग चूक कोणाची?

पेठ-सांगली रस्त्यावर उसाच्या फडातल्या वाटेनं एक टेम्पो डावं-उजवं न पाहता थेट डांबरीवर आला आणि सरळ चाललेल्या मोटारसायकलला धडकला. मोटारसायकलवर विशीतला पोरगा होता. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. गाडी त्याच्या काकांच्या नावावर आणि पोराच्या पाकिटात मुदत संपलेलं कच्चं लायसन्स. संध्याकाळी टेम्पोमालक दवाखान्यात हजर. “काका, पोराकडं लायसन्स न्हाई. केस झाली तर उलट तुम्हीच अडकाल. औषधपाण्याला वीस हजार घ्या आन् मिटवून टाकूया.”

काकांनी पैसे घेतले नाहीत. शेजारचे एक निवृत्त हवालदार त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “आधी पंचनामा होऊ द्या, मग काय ते बोला.” आता वाळवा तालुक्यात कुणाच्या पोराला गाडीनं उडवलं की लोक या काकांकडे येतात, आणि ते हीच गोष्ट पहिल्यापासून सांगतात.

टेम्पोमालकाचं बोलणं निम्मं खरं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 181 नुसार विनापरवाना गाडी चालवणारा गुन्हेगार ठरतो आणि कलम 180 नुसार त्याच्या हाती गाडी देणारा मालकही. दोन्हीकडे शिक्षा पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम 199अ लागतं आणि पालक किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हा झाला सरकारचा आणि त्या दोघांचा हिशेब. टेम्पो न बघता रस्त्यावर आला, याचा जाब टेम्पोवाल्यालाच द्यावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयानं हे एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं आहे. 2008 सालच्या निकालात सतरा वर्षांचा मुलगा विनापरवाना दुचाकी चालवत होता आणि मिनी ट्रकशी टक्कर झाली. परवाना नाही म्हणून भरपाईला कात्री लावणं न्यायालयानं मान्य केलं नाही. परवाना नसणं हा गुन्हा आहे, पण तेवढ्यावरून अपघातातली हयगय सिद्ध होत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. 2018 मध्ये अशाच एका दुचाकीस्वाराची कापलेली रक्कम परत मिळाली. 2020 च्या निकालात तर दुचाकीवर तिघे बसले होते आणि मागून मोटारीनं ठोकरलं होतं. ट्रिपल सीट बसणं बेकायदा आहेच, पण त्यामुळे टक्कर झाली किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाईतून काही कापता येणार नाही, असं ठरलं.

म्हणून पंचनाम्याचं महत्त्व. या अपघातात टेम्पोच्या इंडिकेटरच्या काचा मोटारसायकलच्या बाजूला पडल्या होत्या, ब्रेकच्या घासपट्ट्या डाव्या कडेला होत्या आणि फडातल्या चिखलाचे टेम्पोच्या चाकांचे ठसे डांबरावर आले होते. पुतण्या आपल्या बाजूनं चालला होता हे सांगायला तेवढं पुरे होतं. एका पंचानं मोबाइलवर फोटोही काढले. रात्री पाऊस आला. फोटो नसते तर सकाळी तिथं काय दाखवणार होते? जागेवर “मिटवून टाका” म्हणणाऱ्यांना हेच हवं असतं.

2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्याची प्रत जखमीच्या घरच्यांनी मागून घ्यावी. कलम 166 खाली दावा करायला कायद्यानं सहा महिने दिले आहेत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलानं अपेक्षेप्रमाणे लायसन्सचाच मुद्दा काढला. पुढं लोकअदालतीत तडजोड झाली. आकडा काका सांगत नाहीत. वीस हजारांपेक्षा पुष्कळ जास्त, एवढंच म्हणतात.

इथंच थांबलं तर लायसन्स नसलं तरी चालतं, असा समज होईल. चूक पुतण्याची असती आणि टेम्पोवाला जखमी झाला असता तर? त्याला भरपाई मिळालीच असती. मोटारसायकलच्या विमा कंपनीनं ती आधी भरली असती आणि मग काकांकडून वसूल केली असती. वकिलांच्या तोंडी याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. याचा पाया 2004 च्या स्वरणसिंग निकालात आहे. मालकाकडून अटीचा भंग झाला हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. मालकानं लायसन्स बघून गाडी दिली आणि ते मागाहून खोटं निघालं, तर तो सुटू शकतो. बघितलंच नसेल तर बचावाला काही उरत नाही. कंपनीला वेगळा दावाही लावावा लागत नाही. न्यायाधिकरणाच्या भरपाईच्या निकालाच्या जोरावरच मालकाच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते.

“पोरानं न विचारता चावी उचलली” ही सबबही टिकत नाही. 2011 मध्ये एका मालकानं सर्वोच्च न्यायालयात हेच सांगून पाहिलं. अल्पवयीन पुतण्या चावी घेऊन गेला आणि त्याच्या धडकेत एक स्कूटरस्वार गेला. आपल्या गाडीचा गैरवापर होऊ न देणं ही मालकाचीच जबाबदारी, असं म्हणून न्यायालयानं वसुली कायम ठेवली. चावी दाराशेजारच्या खिळ्याला टांगणाऱ्या घरांनी हा निकाल जरूर वाचावा.

कच्च्या लायसन्सबद्दलही गैरसमज फार. मुदतीत असलेलं कच्चं लायसन्स हेही लायसन्सच, असं 2004 च्या त्याच निकालात म्हटलं आहे. पण ‘एल’ची पाटी आणि शिकवणारा परवानाधारक सोबत, या अटी पाळल्या तरच. पुतण्याचं तर मुदतीबाहेर गेलेलं होतं. म्हणून काकांचा ‘फुल इन्शुरन्स’ असूनही त्यांच्या कंपनीनं मोटारसायकलच्या नुकसानीचा क्लेम नाकारला. सर्व्हेअरनं मोडका फोर्क आणि वाकलेलं रिम लिहून नेलं, आणि पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. चालकाकडे वैध परवाना हवा, ही अट पॉलिसीवर छापलेलीच असते, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. दुरुस्ती काकांच्या खिशातून झाली.

त्याच पॉलिसीच्या पानावर मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मालकाच्या नावाचा असतो आणि तोही मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच लागू होतो. उसनी गाडी नेऊन स्वतःच्याच चुकीनं जीव गमावणाऱ्या पुतण्याच्या वारसांनी त्याच्या भरवशावर राहू नये. काका आता आलेल्या माणसाला चहा देण्याआधी पॉलिसी आणायला सांगतात आणि चालकाच्या अटीखाली पेनानं रेघ मारून देतात.